नाशिकचें वकीलपत्र

वकील आणि लोकप्रतिनिधि यांचे व्यवसाय निराळे असले, तरी त्यांच्या मुळाशीं कल्पना एकच आहे. दोघेहि दुसऱ्याच्या वतीनें बोलतात. पक्षकार वकीलपत्रावर सही करतो, मतदार आपलें मत पेटींत टाकतो. आणि दोहोंचाहि अर्थ एवढाच असतो कीं, आमचें म्हणणें आमच्या वतीनें तुम्हीं मांडावें. मात्र या साम्याच्या पोटांत एक मोठा भेद आहे. वकिलास पक्षकाराची बाजू मांडून मोकळें होतां येतें. निवाडा देणारा न्यायाधीश निराळा असतो. लोकप्रतिनिधीस बाजूहि मांडावी लागते आणि निवाडाहि करावा लागतो. इंग्लंडांतील प्रसिद्ध मुत्सद्दी एडमंड बर्क यानें १७७४ सालीं ब्रिस्टल शहराच्या मतदारांपुढें बोलतांना हाच मुद्दा मांडला होता. प्रतिनिधीनें मतदारांस केवळ आपले श्रम द्यावयाचे नसतात, आपली विवेकबुद्धीहि द्यावयाची असते, असें त्याचें म्हणणें होतें. बर्क हा ब्रिस्टलचा नव्हता. त्याचा जन्म आयर्लंडांतला. सहा वर्षांनंतर ती जागा त्यास सोडावी लागली, परंतु त्यानें उपस्थित केलेला प्रश्न मात्र प्रत्येक लोकशाही राष्ट्रांत आजहि उभा आहे.

नाशिकच्या राजकीय इतिहासांत हा प्रश्न १९६३ सालीं एका विलक्षण रीतीनें पुढें आला. त्या वर्षीं झालेल्या पोटनिवडणुकींत नाशिकनें लोकसभेवर आपला प्रतिनिधि म्हणून एका परक्या गांवच्या वकिलास निवडून दिलें, आणि तेंहि एकमुखानें. त्यांच्याविरुद्ध कोणीहि उमेदवार उभा राहिला नाहीं. हे वकील म्हणजे कराडचे यशवंतराव बळवंतराव चव्हाण. कृष्णाकांठच्या या पुरुषाच्या हातीं गोदाकांठच्या लोकांनीं आपलें वकीलपत्र कां दिलें, आणि त्यांनीं तें कसें चालविलें, याची हकीकत मनोरंजक आहे आणि विचार करावयास लावणारीहि आहे.

यशवंतरावांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजीं देवराष्ट्रें या आजोळच्या गांवीं झाला. हें गांव त्या काळीं सातारा जिल्ह्यांत मोडत असे. वडील बळवंतराव हे कराडच्या न्यायालयांत बेलिफ होते. समन्स बजावीत गांवोगांव हिंडणारा बेलिफ हा न्यायदानाच्या यंत्रांतील अगदीं लहानसा भाग. परंतु सामान्य शेतकऱ्यास सरकार आणि कायदा यांचें दर्शन प्रथम घडतें तें बहुधा त्याच्याच रूपानें. यशवंतराव चार-पांच वर्षांचे असतांनाच प्लेगनें वडिलांचा बळी घेतला. मातोश्री विठाबाई यांच्या कष्टांवर आणि थोरल्या भावांच्या आधारावर संसाराचा गाडा चालला. विठाबाईंस अक्षरओळख नव्हती. परंतु मुलांनीं शिकावें, ही त्यांची आकांक्षा दृढ होती. ज्या कोर्टाच्या पायरीशीं वडिलांनीं चाकरी केली, त्याच कोर्टांत मुलानें काळा कोट घालून उभें राहावें, हें त्या घराचें स्वप्न असल्यास नवल नाहीं.

परंतु त्या कोर्टाशीं यशवंतरावांचा पहिला निकटचा संबंध आला तो आरोपी म्हणून. २६ जानेवारी १९३२ रोजीं कराडांत तिरंगी झेंडा फडकविल्याबद्दल त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. तेव्हां ते टिळक हायस्कूलचे विद्यार्थी होते आणि वयाचीं एकोणीस वर्षेंहि पुरीं झालेलीं नव्हतीं. त्या काळचा तुरुंग हें अनेक तरुणांचें दुसरें विद्यालयच झालें होतें. यशवंतरावांसहि तेथें आचार्य भागवत, एस. एम. जोशी यांच्यासारख्या विचारवंतांचा सहवास लाभला आणि वाचनाची जी गोडी लागली ती जन्मभर टिकली. सुटकेनंतर त्यांनीं मॅट्रिकची परीक्षा दिली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजांतून इतिहास आणि राज्यशास्त्र हे विषय घेऊन १९३८ सालीं ते बी. ए. झाले. पुढें पुण्यास कायद्याचा अभ्यास करून १९४१ सालीं त्यांनीं एलएल. बी. ही पदवी मिळविली आणि कराडांत वकिलीची पाटी लावली.

ही वकिली फार दिवस चालावयाची नव्हती. जून १९४२ मध्यें वेणूताईंशीं त्यांचा विवाह झाला आणि सुमारें दोन महिन्यांनीं 'छोडो भारत'चा ठराव झाला. यशवंतराव भूमिगत झाले. साताऱ्याच्या त्या प्रखर लढ्यांत पोलिसांस नवरा सांपडेना, तेव्हां त्यांनीं नवविवाहित पत्नीस कैद केलें. पुढें १९४३ सालीं यशवंतरावहि पकडले गेले. अशा रीतीनें, ज्या माणसानें पोटासाठीं कायदा शिकला, त्याचा बहुतेक तरुणपणा कायदेभंगांतच गेला. कायद्याचें पुस्तक आणि कायद्यानें चिरडलेला माणूस, या दोहोंचीहि ओळख असणारा वकील विरळा असतो. यशवंतरावांना ती ओळख घडली, आणि पुढें कायदे करण्याची वेळ आली तेव्हां ती उपयोगास आली.

१९४६ सालीं ते मुंबई विधानसभेवर निवडून आले आणि गृहमंत्री मोरारजी देसाई यांचे पार्लमेंटरी सेक्रेटरी झाले. १९५२ नंतर त्यांनीं मंत्रिपद सांभाळलें आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजीं, त्रेचाळिसाव्या वर्षीं, विशाल द्विभाषिक मुंबई राज्याचे ते मुख्यमंत्री झाले. हें पद म्हणजे कांटेरी आसन होतें. मराठी जनतेस मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र हवा होता. त्या मागणीसाठीं शंभराहून अधिक माणसांनीं प्राण वेंचले होते. यशवंतरावांस हें राज्य नको होतें असें नाहीं. परंतु तें काँग्रेसच्या चौकटींत आणि पंडित नेहरूंच्या संमतीनें मिळावें, अशी त्यांची भूमिका होती. नेहरू आणि संयुक्त महाराष्ट्र यांत आपण नेहरूंस अधिक मानतों, असें त्यांनीं उघडपणें सांगितलें आणि त्याबद्दल स्वजनांचा रोष ओढवून घेतला. बर्कचा प्रश्न येथें मराठी भूमींत उभा राहिला. लोकांची इच्छा एक आणि प्रतिनिधीचा विवेक दुसरा, असें झालें म्हणजे कोणी कोणाचें ऐकावें?

याचें उत्तर मतदारांनीं १९५७ सालीं दिलें. पश्चिम महाराष्ट्रांत काँग्रेसची दाणादाण उडाली. खुद्द कराडांत यशवंतराव थोडक्या मतांनीं बचावले. नाशिकनेंहि तोच कौल दिला. लोकसभेच्या जागेवर तेथून शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे नेते भाऊराव कृष्णराव उर्फ दादासाहेब गायकवाड निवडून आले. दिंडोरी तालुक्यांतल्या आंबे गांवचे हे दादासाहेब म्हणजे डॉ. आंबेडकरांचे उजवे हात. २ मार्च १९३० रोजीं नाशकांत सुरू झालेल्या काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाची धुरा त्यांनीं वर्षानुवर्षें वाहिली होती. देवळाच्या बंद दारापुढें उभा राहिलेला हा सत्याग्रही लोकसभेच्या उघड्या दारांतून आंत गेला, ही गोष्ट नाशिकच्या मतदारास भूषणावह होती. पण तेवढ्यापुरता तो यशवंतरावांच्या पक्षाचा आणि सरकारचा पराभवच होता.

पराभवापासून शिकणारे राज्यकर्ते थोडे असतात. यशवंतराव त्यांपैकीं होते, असें पुढील पांच वर्षांच्या कायद्यांवरून म्हणतां येईल. महार वतनाची गुलामगिरी नष्ट करावी म्हणून डॉ. आंबेडकरांनीं १९२८ सालीं मुंबई कायदेमंडळांत विधेयक मांडलें होतें. तें तसेंच राहिलें. तीस वर्षांनीं, १९५८ सालीं, यशवंतरावांच्या सरकारनें कनिष्ठ ग्रामवतनें रद्द करणारा कायदा केला. बौद्ध धर्माची दीक्षा घेतलेल्या पूर्वास्पृश्यांच्या सवलती धर्मांतरामुळें बंद होऊं नयेत, म्हणून १९६० सालीं राज्याच्या कक्षेंत त्या पुढें चालू ठेवण्याचा निर्णय झाला. कमी उत्पन्नाच्या घरांतील मुलांस फीमाफी मिळाली. १९६१ सालीं जमिनीच्या कमाल मर्यादेचा कायदा आला. त्याच वर्षीं जिल्हा परिषदांचा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून त्या परिषदा कामास लागल्या. जिल्ह्याच्या कारभाराची सूत्रें कलेक्टरच्या कचेरींतून लोकांनीं निवडलेल्या माणसांच्या हातीं जाण्यास येथून प्रारंभ झाला. मध्यंतरीं १ मे १९६० रोजीं संयुक्त महाराष्ट्रहि साकार झाला होता. ज्या मुख्यमंत्र्यास या मागणीचा विरोधक म्हणून लोकांनीं हिणविलें, त्याच्याच हातीं त्या राज्याचा पहिला कारभार आला. लोकांचें म्हणणें दिल्लीस पटवून देण्याचें काम अखेर त्यानेंहि केलें होतें. वकील युक्तिवाद उशिरा करतो, म्हणून तो नेहमींच निरुपयोगी ठरतो असें नाहीं.

यानंतर १९६२ सालची शरदृतु आली आणि चीनचें सैन्य हिमालय ओलांडून आंत घुसलें. भारतीय सेनेस माघार घ्यावी लागली. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांस पद सोडावें लागलें आणि पंडित नेहरूंनीं यशवंतरावांस दिल्लीस बोलाविलें. २१ नोव्हेंबर रोजीं त्यांनीं संरक्षणमंत्रिपदाची शपथ घेतली. चीननें एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली तीहि त्याच सुमारास. हिमालयाच्या हांकेस सह्याद्रि धांवून गेला, असें लोक अभिमानानें म्हणूं लागले.

शपथ घेतली त्या दिवशीं यशवंतराव संसदेच्या कोणत्याच सभागृहाचे सभासद नव्हते. भारतीय संविधानाप्रमाणें अशा मंत्र्यास सहा महिन्यांच्या आंत संसदेचें सभासदत्व मिळवावें लागतें. एरवीं पद सोडावें लागतें. हा नियम केवळ तांत्रिक नाहीं. मंत्र्यानें लोकांच्या प्रतिनिधींपुढें उत्तर द्यावें आणि त्यानें स्वतःहि प्रतिनिधि असावें, हें त्यामागील तत्त्व आहे. त्यांतहि ज्याच्या हातीं राष्ट्राच्या सैन्याची सूत्रें आहेत, तो प्रत्यक्ष जनतेनें निवडलेल्या लोकसभेंत बसलेला असणें अधिक शोभून दिसतें. १९६३ सालीं नाशिकची जागा रिकामी झाली आणि ती संधि आली.

सहा वर्षांपूर्वीं ज्या मतदारसंघानें यशवंतरावांच्या पक्षास नाकारलें होतें, त्यानेंच आतां त्यांना बिनविरोध निवडून दिलें, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. सीमेवरच्या संकटानें पक्षभेद मागें टाकले होते, हें त्याचें एक कारण खरेंच. परंतु संकट हें एकटें पुरेसें कारण होत नाहीं. मधल्या काळांत संयुक्त महाराष्ट्राचा वाद मिटला होता. विरोधकांशीं बोलण्याची, त्यांचें म्हणणें ऐकून घेण्याची यशवंतरावांची रीत लोकांनीं पाहिली होती. बिनविरोध निवडणुकींत मतें मोजलीं जात नाहींत. त्यामुळें तिचा अर्थ लावतांना जपून लावावा लागतो. लोकांनीं या माणसाच्या प्रत्येक मतास मान्यता दिली, असें त्यावरून म्हणतां येणार नाहीं. एका कठीण वेळीं एका कामासाठीं त्यांनीं त्यास आपलें वकीलपत्र दिलें, एवढें मात्र निश्चित म्हणतां येतें.

तें काम कोणतें होतें? हरलेल्या सैन्याचा आत्मविश्वास परत आणणें, हें पहिलें काम. सप्टेंबर १९६३ मध्यें ईशान्य सीमेवरील पराभवाच्या चौकशीचे निष्कर्ष त्यांनीं संसदेपुढें ठेवले. मूळ अहवाल त्यांनीं प्रसिद्ध केला नाहीं. परंतु शिक्षण, साधनसामग्री आणि सेनाधिकाऱ्यांची आज्ञापद्धति यांत उणिवा होत्या, हें लपविलें नाहीं. १९६४ पासून पांच वर्षांची संरक्षणयोजना आंखण्यात आली. सव्वाआठ लक्ष सैनिकांची फौज आणि पंचेचाळीस स्क्वाड्रनांचें विमानदळ उभारणें, हें तिचें उद्दिष्ट होतें.

याच काळांत नाशिकजवळच्या ओझर येथें विमानांचा कारखाना उभा राहिला. रशियाच्या परवान्यानें मिग-२१ जातीचीं लढाऊ विमानें भारतांत तयार करावयाचीं होतीं. त्यांचे सांगाडे ओझरला, इंजिनें ओरिसांतील कोरापुट येथें आणि विद्युत्-उपकरणें हैदराबादेस, अशी कामाची वांटणी झाली. मिग विमानांचा मूळ करार यशवंतराव दिल्लीस जाण्यापूर्वींच झाला होता आणि कारखाना तीन प्रांतांत विभागला गेला होता. त्यामुळें सर्वच श्रेय एका माणसाच्या पदरांत टाकणें इतिहासास धरून होणार नाहीं. तरीहि, आपल्या खासदारानें नाशिकच्या ऋणाची ही फेड केली, अशी नाशिककरांची समजूत आहे आणि ती सहजासहजीं पुसली जाणार नाहीं. द्राक्षांच्या आणि कांद्याच्या त्या पट्ट्यांत यंत्रशाळा आल्या, कुशल कारागीर तयार झाले आणि पुढें सुखोई-३० विमानेंहि तेथेंच जोडलीं जाऊं लागलीं. तीर्थक्षेत्र म्हणून प्रसिद्ध असलेल्या जिल्ह्याच्या अर्थकारणास त्यामुळें निराळें वळण लागलें, हें नाकारतां येत नाहीं.

वकीलपत्राची खरी कसोटी १९६५ सालीं लागली. १ सप्टेंबर रोजीं पाकिस्तानच्या रणगाड्यांनीं छांब भागांत चढाई केली. दुपारीं सेनापति जनरल चौधरी आणि विमानदलाचे प्रमुख अर्जनसिंग हे संरक्षणमंत्र्यांकडे आले. विमानें वापरण्याची परवानगी द्यावयाची कीं नाहीं, हा प्रश्न होता. ती दिल्यास युद्ध पसरण्याचें भय. न दिल्यास छांब हातचें जाण्याचें भय. यशवंतरावांनीं कांहीं मिनिटांतच परवानगी दिली आणि त्याच सायंकाळीं विमानें झेंपावलीं. ६ सप्टेंबर रोजीं भारतीय फौजांनीं लाहोरच्या रोखानें सीमा ओलांडली. युद्ध २३ सप्टेंबरपर्यंत चाललें. एरवीं सावधपणाबद्दल, किंबहुना अतिसावधपणाबद्दल ज्यांची ख्याति होती, त्यांनीं एवढा मोठा निवाडा इतक्या थोड्या वेळांत केला. येथें मतदारांस विचारावयास सवड नव्हती. प्रतिनिधीनें आपली विवेकबुद्धि द्यावयाची असते ती अशाच वेळीं.

१९६७ च्या निवडणुकींत यशवंतराव साताऱ्याहून उभे राहिले आणि नाशिकशीं असलेलें त्यांचें प्रातिनिधिक नातें संपलें. तत्पूर्वींच, नोव्हेंबर १९६६ मध्यें, ते गृहमंत्री झाले होते. पुढें १९७० सालीं अर्थमंत्री आणि १९७४ सालीं परराष्ट्रमंत्री अशीं पदें त्यांनीं भूषविलीं. गृहमंत्री असतांना, निवडून आल्यावर पक्ष बदलणाऱ्या सभासदांविषयीं विचार करण्यासाठीं लोकसभेच्या ठरावानें नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष होते. या समितीनें १९६९ सालीं अहवाल दिला. एका पक्षाच्या नांवावर घेतलेलें वकीलपत्र दुसऱ्या पक्षाच्या कामीं वापरावें काय, हाच त्या चौकशीचा गाभा होता. पक्षांतरबंदीचा कायदा मात्र १९८५ सालीं झाला. तो पाहावयास यशवंतराव राहिले नव्हते.

त्यांच्या जीवनाचा उत्तरार्ध पूर्वार्धाइतका उजळ नाहीं, आणि तें सांगितल्यावांचून चरित्र पुरें होत नाहीं. १९७५ सालीं आणीबाणी जाहीर झाली, विरोधी नेते तुरुंगांत गेले, वृत्तपत्रांवर बंधनें आलीं. तेव्हां यशवंतराव मंत्रिमंडळांत होते आणि तेथेंच राहिले. अठराव्या वर्षीं झेंड्यासाठीं तुरुंगांत गेलेला तरुण, कायद्याचा पदवीधर, जनतेच्या हक्कांचा वकील, या वेळीं उठून उभा कां राहिला नाहीं, असा प्रश्न त्यांच्या चाहत्यांनींहि विचारला आहे. १९७७ नंतर ते लोकसभेंत विरोधी पक्षाचे नेते झाले. जुलै १९७९ मध्यें त्यांनीं मोरारजी देसाई यांच्या सरकारवर अविश्वासाचा ठराव आणला आणि तें सरकार पडलें. तेहेतीस वर्षांपूर्वीं ज्यांच्या हाताखालीं त्यांनीं कारभाराचे पहिले धडे घेतले, तेच हे मोरारजी. त्यानंतर यशवंतराव उपपंतप्रधान झाले. परंतु तें मंत्रिमंडळ अल्पायुषी ठरलें. १९८० सालीं एका काँग्रेसकडून निवडून आल्यावर कांहीं काळानें ते दुसऱ्या काँग्रेसमध्यें परतले. पक्षांतराच्या प्रश्नावर विचार करणाऱ्या समितीचा अध्यक्ष स्वतः त्या प्रश्नापासून अलिप्त राहूं शकला नाहीं. १ जून १९८३ रोजीं वेणूताई गेल्या आणि २५ नोव्हेंबर १९८४ रोजीं दिल्लींत यशवंतरावांचें निधन झालें.

अशा माणसाचा हिशेब मांडतांना त्याच्या पदांची यादी फारशी उपयोगी पडत नाहीं. लोकांनीं त्याच्यावर विश्वास टाकला तेव्हां त्यानें त्या विश्वासाचें काय केलें, हें पाहावें लागतें. १९५६ सालीं त्यांनीं लोकमतापेक्षां स्वतःच्या मतास अधिक मानलें, पण १९५७ चा कौल ऐकून ते बदलले. १९६५ सालीं त्यांनीं लोकांच्या वतीनें निवाडा केला आणि तो देशानें मानला. १९७५ सालीं मात्र ज्यांच्या वतीनें बोलावयाचें, त्यांच्यापैकीं कित्येकांचीं तोंडें बंद असतांना तेहि गप्प राहिले. वकिलाचें मौन हें पक्षकाराचें नुकसान असतें. लोकप्रतिनिधीचें मौन हें सर्वांचेंच नुकसान असतें.

नाशिकपुरतें पाहिलें तर त्यांचें वकीलपत्र चार वर्षांचेंच. तरी गोदाकांठीं त्यांचें नांव आणखी एका संस्थेनें जिवंत ठेवलें आहे. १९८९ सालीं नाशिक येथें यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झालें. नोकरी करणारा कामगार, शेतांत राबणारा तरुण, संसारामुळें शिक्षण अर्ध्यावर सोडलेली गृहिणी, अशांना घरबसल्या पदवी मिळवितां यावी, हा त्या विद्यापीठाचा हेतु. ज्या नाशकांत एका देवळाचें दार उघडावें म्हणून माणसांना वर्षानुवर्षें उन्हांत उभें राहावें लागलें, तेथेंच विद्येचें दार सर्वांस खुलें करणारी संस्था उभी आहे, आणि तिला अक्षरओळख नसलेल्या एका मातेच्या मुलाचें नांव आहे. निवडणुकीचें वकीलपत्र मुदत भरली म्हणजे संपतें. शिकावयास निघालेल्या गरिबाची बाजू मांडण्याचें काम मात्र त्या नांवानें अद्याप चालू आहे.